सीतादहीचा घास

कालपासून शाळेसमोरच्या रस्त्यानं कापसाच्या गाड्या जाऊ लागल्या आहेत. सकाळपासून सरकी काढायच्या जिनाकडे रांग लागते. प्रार्थनेची घंटा झाली की बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा तिच्यात मिसळतात आणि मुलींना हसू आवरत नाही. वर्गाच्या खिडक्यांना जाळ्या नाहीत. कापसाचे तंतू सरळ आत येतात, फळ्याच्या चौकटीवर बसतात, मुलींच्या तेल लावून घट्ट घातलेल्या वेण्यांना चिकटतात. दिवाळीनंतरचं हे कोवळं ऊन वर्ध्याच्या माणसाला फार प्रिय. मलाही होतं. आता मात्र गाड्या सुरू झाल्या की पहिले आठ-दहा दिवस मी उगाच कोणावर तरी चिडते. काल सहावीतल्या एका मुलीवर चिडले. ती बिचारी एवढंच विचारत होती, की बाई, वाचनाची पुस्तकं बदलून कधी देणार. खरं म्हणजे मला माझाच राग आलेला असतो, आणि तो कुठंतरी काढायचा असतो.

तीन वर्षं झाली त्या गोष्टीला. तेव्हा मी बावीस वर्षांची होते. इंटर झाले होते. पुढं शिकवायचं की लग्न करून द्यायचं यावर घरात रोज जेवताना बोलणं निघायचं, आणि त्यातून सुटका म्हणून मी केळझरच्या अलीकडच्या एका गावी मामाकडे जाऊन राहिले. वर्ध्याला आमचं कापडाचं दुकान. दुकानात मिलच्या कापडाचे तागे आणि मालकाची मुलगी जाडीभरडी खादी नेसून फिरते, यावरून वडिलांचे मित्र त्यांची थट्टा करायचे. वडील हसून सोडून देत. आम्हा सात-आठ मैत्रिणींचं एक मंडळ होतं. खेड्यातल्या बायकांना वाचायला शिकवायचं असं आम्ही ठरवलं होतं, आणि मामाचं गाव माझ्या वाट्याला आलं होतं. बरोबर पत्र्याची एक पेटी होती. तिच्यात पाट्या, पेन्सिली आणि चाळीसेक पुस्तकं.

मी फार वाचलेली मुलगी होते, आणि तसं सगळ्यांना दिसावं अशी माझी इच्छाही होती. शिकलेली बाई खेड्यात जाते आणि वर्षभरात खेड्याचं रूप पालटून टाकते, अशा गोष्टी मी मन लावून वाचायची. वाचताना त्या बाईच्या जागी मी असायची. त्या खेड्यातल्या माणसांना काय हवं होतं, हे त्या गोष्टींत कोणी विचारलेलं नसे. माझ्याही ते कधी ध्यानात आलं नाही.

गावाच्या पूर्वेला, ओढ्यापलीकडे, महारांची वस्ती होती. वर्ग तिथंच भरायचा, निंबाच्या झाडाखाली, दुपारची भाकर झाल्यावर. परत यायची तेव्हा मामी मागच्या दाराशी पाण्याचा तांब्या घेऊन उभी असायची. हातपाय धू, लुगडं बदल, मग आत ये, असा तिचा हुकूम. मी तांब्याला वळसा घालून तशीच स्वयंपाकघरात शिरायची. मामी कपाळाला हात लावायची, मामा ओसरीवरून हसायचा. सुरुवातीला मला त्या भांडणाचा संताप यायचा, पुढं त्याची गोडी लागली. वस्तीत मी पाणी मागून प्यायची. तहान नसली तरी प्यायची. पिताना गावातलं कोणी ओढ्याकाठानं जात असेल तर मला बरंच वाटायचं. हे आज लिहिते आहे. तेव्हा स्वतःशीसुद्धा कबूल केलं नसतं.

वर्गात अकरा बायका होत्या, पण खरं शिकत होती ती एकटी भागरथा. माझ्याहून दोनेक वर्षांनी लहान, हाडापेरानं भक्कम. लग्नाला चार वर्षं झालेली. नवरा सेलूच्या जिनात हंगामी कामाला जायचा, घरी ती आणि सासू पार्बताबाई. इतर बायका पाटीवर ‘ग’ गिरवता गिरवता पेंगायच्या, आणि हिनं तीन महिन्यांत जोडाक्षरं ओलांडली. गुळाची पुडी बांधून आलेला कागद, काडेपेटीवरची अक्षरं, बियाण्याच्या पोत्यावरचा शिक्का, जे दिसेल ते वाचायची. पेटीतली पुस्तकं तिनं पाठोपाठ संपवली, आणि एक दिवस माझ्यासमोर एक पुस्तक ठेवून म्हणाली, “बाई, या गोष्टीतली गरीब बाई दरखेपी काऊन मरते?”

मी जरा विचार करून सांगितलं, की वाचणाऱ्याच्या मनाला लागावं म्हणून.

“मंग वाचनाऱ्याच्या घरची काऊन नाई मरत?” ती म्हणाली.

ती हसत नव्हती. आता शाळेच्या कपाटासाठी पुस्तकं आणायला जाते तेव्हा दुकानदाराच्या समोरच शेवटची पानं उलटून पाहते, गरीब बाई जिवंत आहे का. दुकानदाराला वाटतं, बाईंना गोष्टीचा शेवट आधी वाचायची खोड आहे.

त्या वर्षी दसऱ्याला वस्तीतली जवळजवळ सगळी माणसं नागपूरला गेली. कोणी आगगाडीनं, कोणी बैलगाडीनं, कोणी चालत. चार दिवस निंबाखाली मी एकटीच बसून टकळीवर सूत काढत होते. परत आली ती पांढऱ्या लुगड्यांत आणि पांढऱ्या सदऱ्यांत, दीक्षा घेऊन. चेहऱ्यांवर थकवा होता, पण गावातून जाताना माणसं नेहमीसारखी कडेकडेनं चालली नाहीत, रस्त्याच्या मधून गेली. मामानं ते ओसरीवरून पाहिलं आणि पान जुळवता जुळवता मामीला म्हणाला, “हे काही आता पहिल्यासारखं राह्यत नाई.” घराघरातले देव काढले गेले. पार्बताबाईनं तिच्या सासूपासून चालत आलेला देवीचा टाक ओढ्यात सोडला. सोडायला जाताना दोनदा माघारी फिरले, असं तिनंच मला नंतर सांगितलं, आणि फिरले तरी सोडला, असंही सांगितलं.

येताना त्यांनी एक लहानशी पुस्तिका आणली होती. तिच्यात प्रतिज्ञा छापलेल्या होत्या. पुरुषांमध्ये वाचणारे दोघंतिघं होते, पण बायकांनी हट्ट धरला, की आमची बैठक आम्ही वेगळी घेऊ, आणि आमच्यातलीच बाई वाचेल. दर रविवारी निंबाखाली बसायचं, एकीनं वाचायचं, बाकीच्यांनी मागून म्हणायचं. वाचणारी एकच होती. पार्बताबाई वस्तीभर सांगत सुटली, की आमची सून वाचणार. ज्या बाईनं जन्मात सुनेचं कौतुक केलं नव्हतं, तिच्या तोंडून हे ऐकून भागरथा लाजून अर्धी झाली होती.

ती पुस्तिका घेऊन ती माझ्याकडे आली. दोन जड शब्द अडले होते. मी ते फोडून सांगितले. मग म्हटलं, सगळं वाचून दाखव. तिनं वाचलं. त्यात बऱ्याच ठिकाणी ‘नाही’ होतं. अमक्याला देव मानणार नाही, तमक्याची पूजा करणार नाही. अर्थ मीच तिला समजावला. पूजा म्हणजे नुसतं फूल वाहणं नव्हे, त्यातलं काही घेणं, काही मागणं, सगळंच आलं, हे मी म्हणाले. मीच. मास्तरीण होते ना, एखादी गोष्ट अर्धी सांगून सोडवत नसे. वाक्याच्या शेवटी थांबायचं, म्हणजे बायकांना म्हणता येईल, हेही शिकवलं. पहिली बैठक येत्या रविवारी होती. माझीच कुठंतरी परीक्षा असावी तशी मी दिवस मोजत होते.

आणि त्या रविवारच्या तीन दिवस आधी मामाच्या शेतात सीतादही आली.

बाहेरच्या माणसाला हे सांगावं लागेल. आमच्याकडे कापसाची पहिली वेचणी तशीच सुरू करत नाहीत. शेतातल्या एखाद्या चांगल्या, बोंडांनी लगडलेल्या पऱ्हाटीच्या बुंध्याशी पाच दगड धुऊन मांडतात. त्यांना हळदकुंकू वाहतात, फुटलेलं बोंड वाहतात आणि दहीभात दाखवतात. तो दहीभात थोडा चारी दिशांना पिकावर शिंपायचा, थोडा वेचणाऱ्या बायकांनी खायचा. दह्यासारखा पांढरा कापूस घरात यावा, एवढंच त्यातलं मागणं. पूजा घरधनीण करते, पण वेचणाऱ्या बायकांनी घास घेतल्याशिवाय ती पुरी होत नाही, असं मामी मानायची. मामी तशी सगळ्यांनाच मानणारी. केळझरच्या गणपतीला तिचा नवस असायचा आणि गिरडच्या दर्ग्यालाही. पिकाच्या बाबतीत कोणालाच नाराज करायची तिची तयारी नव्हती.

वेचणीला बायका कायम वस्तीतूनच यायच्या. मामीची रीत अशी, की त्यांना धुऱ्यापलीकडे, म्हणजे शेताच्या बांधापलीकडे, बसवायचं आणि पळसाच्या पानावर दहीभात वरून टाकायचा. हात हाताला लागू द्यायचा नाही. लहानपणापासून मी ते पाहत आले होते, आणि दोन वर्षांपासून त्यावरून मामीशी भांडतही आले होते.

त्या सकाळी दव भरपूर होतं. पऱ्हाट्यांमधून जाताना लुगडी गुडघ्यांपर्यंत भिजत होती. तुरीच्या ओळी पिवळ्या झाल्या होत्या, आणि बोंडं अशी फुटली होती, की दुरून पाहिलं तर सगळं शेत धुऊन वाळत घातल्यासारखं वाटावं. बायका आल्या, बारा-तेरा जणी, कमरेला ओट्या बांधून. पण धुऱ्याशी येऊन बसल्या नाहीत, उभ्या राहिल्या. पार्बताबाई सगळ्यांत पुढं होती. तिनं मामाला शांतपणे सांगितलं, की वेचणी करू, चांगली करू, पण पूजेत आम्ही नाही, आणि त्यातलं खाणार नाही. मामीचा चेहरा उतरला. पहिल्या दिवशी असा अपशकुन, असं काहीतरी ती पुटपुटली. मामानं क्षणभर बायकोकडे पाहिलं, क्षणभर आभाळाकडे, आणि म्हणाला, “जाऊ दे, त्यायचा त्यायले धरम. दव उतरून राह्यलं, लागा कामाले.”

म्हणजे मिटलं होतं. हे मला पुन्हा पुन्हा आठवतं. मिटलं होतं. माझा अडाणी म्हणवला जाणारा मामा, ज्यानं आयुष्यात पंचांगापलीकडे काही वाचलं नव्हतं, त्यानं एका वाक्यात सगळं मोकळं केलं होतं. बायका ओळी धरायला वळल्यासुद्धा होत्या.

पण मी तिथं होते. मला वाटलं, यांचं दुखणं ते वरून टाकण्याचं आहे. इतकी वर्षं पानावर टाकलं, म्हणून या आज नाही म्हणतात. आता कोणीतरी पुढं होऊन हातात हात देऊन दिलं, तर त्यांच्या मनातली अढी जाईल. आणि ते कोणीतरी मी नाही तर कोण. तीनच दिवसांपूर्वी त्या पुस्तिकेचा अर्थ मीच समजावला होता, पण त्या वेळी तो माझ्या डोक्यात कुठंही नव्हता. डोक्यात मी होते. खादी नेसलेली, दव पडलेल्या शेतात उभी, हातात दहीभाताचं भांडं.

मी मामीच्या हातून ते भांडं घेतलं. मामी नको नको म्हणत असताना धुरा ओलांडला. सगळ्यांच्या देखत त्यातला एक घास आधी स्वतः खाल्ला, मग त्याच हातानं दुसरा उचलला आणि भागरथासमोर धरला. तिलाच, कारण ती माझी होती. “माझ्या हातचं घे,” मी म्हटलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग सासूकडे पाहिलं. पार्बताबाई सुनेकडेच बघत राहिली. माझा हात पुढंच होता, मी तो मागं घेतला नाही. शेवटी तिनं ओंजळ केली. मी तिच्या ओंजळीत घास ठेवला, माझी बोटं तिच्या बोटांना मुद्दाम लागू दिली. तिनं मान खाली घालून तो खाल्ला.

मला इतका आनंद झाला, की डोळ्यांत पाणी आलं. बाकीच्या कोणी घेतलं नाही, मीही आग्रह केला नाही. एकीनं घेतलं हे पुष्कळ झालं. बायका ओळींमध्ये शिरल्या. एरवी पहिल्या वेचणीला गाणी म्हणायच्या, चिडवाचिडवी चालायची, त्या दिवशी बोंडातून कापूस ओढल्याचा तेवढा आवाज येत होता. भागरथानं सगळ्यांत लांबची ओळ धरली होती. ती गप्प आहे हे मला दिसलं, पण ती भारावून गेली असेल असं वाटलं. दुसऱ्या दिवशी मी मंडळातल्या मैत्रिणीला पाच पानांचं पत्र लिहिलं. माझ्या हातून काल एक मोठं काम झालं, असं त्यात एक वाक्य होतं. ते पत्र तिनं मंडळात सगळ्यांना वाचून दाखवलं म्हणे. कोणाजवळ अजून असलं तर परत मागून घ्यावं असं वाटतं, पण मागायची हिंमत होत नाही.

त्यानंतर वर्गाला कोणी आलं नाही. वेचणीची घाई असेल म्हणून मी तीन दिवस स्वतःची समजूत घातली. चौथ्या दिवशी, सोमवारी, शेतात पार्बताबाईला गाठलं आणि विचारलं, बैठक कशी झाली, भागरथा अडखळली तर नाही ना.

पार्बताबाईनं हातातलं बोंड आधी पुरं वेचलं. मग सांगितलं. बायका बसल्या होत्या. पुस्तिका उघडली होती. सून समोर बसली, आणि तिनं तोंडच उघडलं नाही. किती विनवलं. घरी नेल्यावर बोलली, की ज्या तोंडानं परवा खाल्लं, त्या तोंडानं मी नाही कसं म्हणू, आणि बायांना तरी कसं म्हणायला लावू. बाया तिला काही बोलल्या नाहीत, उलट समजावत होत्या. पण ती ऐकत नव्हती.

“आमच्यातल्या कोनी तिले दोष नाई देल्ला, बाई,” पार्बताबाई म्हणाली. “तिचा तिनंच घेतला.”

मला तिथंच रडू यायला हवं होतं. आलं नाही. मला राग आला. प्रसादच तो, मी काय विष दिलं होतं का, असं मी म्हणाले. मी माझ्या घरच्यांशी भांडून, सगळ्यांच्या देखत, विटाळ न मानता दिलं, ते कोणासाठी? पार्बताबाई ऐकून घेत होती. आमच्याकडच्या माणसांचं असं बोलणं तिनं आयुष्यभर ऐकून घेतलं असेल. मग ती पुढच्या झाडाकडे गेली.

मामीच्या बाजूनंही सांगायला हवं. तिनं वरून टाकलं, ते वाईटच होतं, त्यात वाद नाही. पण वरून टाकलेलं पान त्या बायकांना घरी नेऊन कोंबड्यांपुढं टाकता येत होतं. मी तेवढीही वाट ठेवली नव्हती. मी प्रेमानं दिलं होतं. ज्या मुलीला मी पहिलं अक्षर दिलं, तिच्यापुढं हात धरला होता, आणि त्या हाताला नाही म्हणायची सोय नव्हती. शिवाशीव पाळू नये हे मला इतक्या लहानपणापासून पाठ होतं, की माझ्या स्पर्शाची कोणाला गरज नसेल, हे मला सुचणंच शक्य नव्हतं. आजही आमच्या मंडळात खेड्यांत जाऊन आलेल्या मैत्रिणी आपापले अनुभव सांगतात. कोणी तिथं जेवून आलेली असते, कोणी तिथलं मूल कडेवर घेतलेलं असतं. बाकीच्या माना डोलावतात. मी खाली बघत चहाच्या कपबशा गोळा करते.

पुढचे रविवार तसेच गेले. बायका निंबाखाली बसायच्या, ऐकून ऐकून पाठ झालेलं तेवढं म्हणायच्या आणि उठायच्या. पुस्तिका मधे फडक्यावर ठेवलेली असायची. मग डिसेंबरात ती बातमी आली, नागपूरला ज्यांनी दीक्षा दिली, ते गेले. वस्तीत चुली पेटल्या नाहीत. दोन दिवस वेचणीला कोणी आलं नाही, आणि मामानं कोणाला बोलावूही धाडलं नाही. फुटलेला कापूस झाडांवर लोंबत राहिला, वाऱ्यानं खाली गळत राहिला. मी ओढ्यापर्यंत गेले. बायका निंबाखाली बसल्या होत्या, मध्ये ती पुस्तिका, आणि कोणी वाचत नव्हतं. भागरथा खांबाला पाठ लावून घराच्या दारात बसलेली दिसली. बायकांपासून दहा पावलांवर, पण त्यांच्यात नाही.

मला ते बघवेना. मी पार्बताबाईजवळ जाऊन हळूच म्हटलं, की हवं तर मी वाचू का. मी मनापासून विचारलं होतं. तिनं रडून सुजलेले डोळे वर केले. “तुमी नोको वाचू, बाई,” ती म्हणाली. “आमची सून वाचल तवा वाचल.” तिच्या आवाजात राग नव्हता. मी उलटपावली निघाले. त्या दिवशी पहिल्यांदा मला कळलं, की मी काय मोडलं होतं. सगळ्यांत मोठ्या दुःखाच्या दिवशी त्यांना स्वतःचा एक आवाज हवा होता, तो त्यांच्याजवळ होता, आणि मी तो एका घासानं बंद केला होता.

माफी मागायला मला शिमगा उजाडला. मधले तीन महिने मी रोज उद्या जाऊ म्हणत होते. कधी मामीला बरं नव्हतं, कधी वर्ध्याहून पाहुणे आले होते. माफी कशी मागावी हे मी पुस्तकांत शोधलं, हे सांगायलाही लाज वाटते. पुस्तकांत माफी मागणाऱ्याचं बोलणं फार सुंदर असतं, आणि समोरचा लगेच विरघळतो. मी तसली दोन-चार वाक्यं तयार करून गेले होते.

कापूस संपला होता. पऱ्हाट्या उपटून शेतं मोकळी झाली होती, आणि भागरथा अंगणात त्या वाळलेल्या पऱ्हाट्यांच्या मोळ्या बांधत होती, सरपणासाठी. मला पाहून तिनं पाट दिला. मी बसले नाही. तयार केलेली वाक्यं आठवली नाहीत. माझं चुकलं, एवढंच म्हटलं. त्या दिवशी शेतात मी जे केलं ते चुकलं.

मला वाटलं होतं, ती म्हणेल, जाऊ द्या बाई.

“हो,” ती म्हणाली.

मग तिनं पुढची मोळी बांधायला घेतली. तेवढ्यावर थांबणं मला सोसवेना. काहीतरी देऊन टाकावं आणि मोकळं व्हावं असं झालं, आणि मी घाईघाईनं बोलू लागले. वर्ध्याला आमच्या मंडळाचा मेळावा आहे, पुढच्या रविवारी. मोठमोठ्या बायका येणार आहेत. तू चल. तिथं व्यासपीठावर बसून तुला वाटेल ते वाच. तुमची पुस्तिका वाच, सगळ्यांसमोर वाच. मी मामाची बैलांची दमणी पाठवते, तुझ्या सासूलाही घेऊन ये. तीन महिन्यांत जोडाक्षरं ओलांडलेली मुलगी आहे ही, असं मी सगळ्यांना सांगेन. बोलता बोलता मी रंगात आले होते. मला तो मेळावा डोळ्यांसमोर दिसत होता, आणि त्यात मीही दिसत होते.

भागरथानं मोळीची गाठ ओढून घट्ट केली.

“नाई, बाई,” ती म्हणाली. “येनार नाई मी.”

मी काऊन म्हणून विचारलं, तिच्याच भाषेत. तेव्हा ती उभी राहिली. माझ्यापेक्षा वीतभर उंच होती ती, हे माझ्या तोपर्यंत कधी लक्षात आलं नव्हतं, कारण ती माझ्यासमोर नेहमी पाटी घेऊन बसलेली असायची.

“ऐतवारी आमच्या बाया बसतेत,” ती म्हणाली. “त्या दिशी शेतात मले हे ‘नाई’च म्हनाचं होतं तुमाले. तोंडातून निंगालं नाई. तुमी शिकोलं, तुमाले नाई कसं म्हनाव? आज निंगालं.” ती जरा थांबली. वाक्याच्या शेवटी थांबावं तशीच. “आता वाचीन मी.”

मी आनंदित व्हायला हवं होतं. तिचा आवाज परत आला होता, मला पाहिजे होतं ते सगळं त्या तीन शब्दांत होतं. पण खरं सांगायचं तर मला अपमान वाटला. मी एवढी चालत आले, माफी मागितली, एवढं मोठं बोलावणं दिलं, आणि ही सरळ तोंडावर नाही म्हणते. ती वाकून पुढच्या पऱ्हाट्या जुळवू लागली, आणि मी तो अपमान मनात धरून तिच्या अंगणातून बाहेर पडले. ओढा ओलांडला, तेव्हाही मला रागच होता. लाज वाटायला लागली तोवर मामाच्या घराचं मागचं दार आलं होतं.